टोळीचं औषध

बुधवारी संध्याकाळी सहाला बाबासो शेडगे यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. रविवारी सकाळी दहाला रस्सीखेचीची अंतिम लढत होती. मधल्या अठ्ठ्याऐंशी तासांत जे घडलं त्याला एकटे बाबासो जबाबदार नव्हते. अख्खी टोळी जबाबदार होती.

बाबासो वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. टोळी नऊ जणांची, सगळे साताऱ्याकडच्या एकाच गावचे, राहायला कोपरखैरण्यात. बाबासो टोळीचे मुकादम आणि दोरीवरचे शेवटचे गडी. शेवटच्या गड्याच्या अंगाभोवती दोरी घेतलेली असते. तो हलला की संघ हलला. गेली तीन वर्षं विजेतेपदाची ढाल मसाला बाजारातल्या टोळीकडे होती. त्यांचा मुकादम अरविंद चहाच्या टपरीवर भेटला की न चुकता विचारायचा, "बाबासो, ढाल पुसायला फडकं कंचं चांगलं रं?"

बाबासोंच्या टोळीचा एक रिवाज होता. ओझं वाटून उचलायचं, डबा वाटून खायचा, आणि ज्याला जे औषध लागू पडलं असेल ते त्याने दुसऱ्याला द्यायचं. दिलेलं औषध नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. हा अपमान बाबासोंनी वीस वर्षांत कुणाचा केला नव्हता.

बुधवारचं कारण साधं होतं. सराव संपल्यावर दोन प्लेट मिसळ आणि तीन चहा. टोळीतल्या धर्मराजने खिशातून जळजळीच्या पांढऱ्या औषधाची बाटली काढली. "घ्या मुकादम. माजी छाती एका दमात गार झालती."

"किती घ्यायचं?"

"बाटलीला मोठं तोंड हाय की."

बाबासोंनी तोंड लावलं. छाती खरंच गार झाली. म्हणून त्यांनी जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा आणि गुरुवारी सकाळी पुन्हा एकदा तोंड लावलं. गुरुवारी दुपारी टपरीवर छाती चोळत बसलेल्या अरविंदने औषध मागितलं, तेव्हा उरलेली अर्धी बाटली त्यांनी त्याला देऊन टाकली. प्रतिस्पर्धी असला तरी माणूस बाजारातलाच होता, आणि मागणाऱ्याला नाही म्हणणं रिवाजात बसत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाबासो शौचालयात जसे गेले तसेच परत आले. गुरुवारीही तेच झालं होतं.

"आवं, पोट नगाऱ्यागत झालंय तुमचं," त्यांची बायको वेणूबाई म्हणाल्या. "पोरीला फोन लावू का?"

उत्कर्षा, त्यांची मुलगी, खारघरला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. बाबासोंना तिचा अभिमान होता. पण तिचं काम सुया टोचण्याचं, अशी त्यांची समजूत होती. "पोटात सुई टोचती व्हय ती?" असं म्हणून ते बाजारात गेले.

तिथे नामा तयार होता. टोळीतला सर्वांत हडकुळा गडी, वजन बावन्न किलो, संघातला बदली खेळाडू. त्याने इसबगोलाचा पुडा पुढे केला. बाबासोंनी दोन मुठी चिवड्यासारख्या तोंडात टाकल्या आणि गाडी खाली करायला गेले. पाणी प्यायले नाहीत. बाजारात कामाच्या वेळी कुणीच फारसं पीत नाही. मुतारी लांब आणि गाड्या रांगेत उभ्या. कोरडा इसबगोल पोटात जाऊन फुगला आणि तिथेच बसला. संध्याकाळपर्यंत बाबासोंना वाकून चप्पल घालता येईना.

सात वाजता धर्मराज स्वतः घरी आला. आपल्या औषधाचं नाव खराब होतंय हे त्याला लागलं होतं. त्याने जुलाबाच्या दोन गोळ्या दिल्या. आठ वाजेपर्यंत काहीच झालं नाही, तेव्हा आणखी दोन दिल्या. पाकिटावर 'परिणामास सहा ते बारा तास' असं छापलेलं होतं. पण पाकीट धर्मराजच्या घरी होतं. आणल्या होत्या त्या कात्रीने कापलेल्या सुट्या गोळ्या.

शनिवारी पहाटे चार वाजता चारही गोळ्या कामाला लागल्या. दुपारी अडीचपर्यंत बाबासो अकरा वेळा जाऊन आले. पाचव्या खेपेला त्यांनी रेडिओ बंद करायला लावला, नवव्या खेपेला भिंत धरली. नामा काळजीने भेटायला आला आणि त्याने जुलाब बंद करायची गोळी आणली. कारण सरळ होतं. मुकादम उभे राहिले नाहीत, तर दोरीच्या टोकाला त्याला उभं राहावं लागणार होतं.

बाबासोंनी गोळी तळहातावर घेतली. तेवढ्यात वेणूबाईंच्या फोनवरून, ड्यूटी संपवून उत्कर्षा दारात आली.

"आप्पा, थांबा. ती कसली गोळी?"

"बंद व्हायची."

"आणि सुरू कसलीने झालं?"

"सुरू व्हायचीनं."

"ती का घेतली?"

"इसबगोल अडकला म्हनून."

"इसबगोल का?"

"बंद झालतं म्हनून."

"बंद कशाने झालं?"

बाबासोंनी आठवून पाहिलं. "मिसळीनं," ते म्हणाले. मग बोटांवर दिवस मोजून, "न्हाई. त्या पांढऱ्या औषधानं."

"त्यात अॅल्युमिनियम असतं. आतडं संथ करतं. चमच्याने घ्यायचं असतं, तुम्ही बाटलीच तोंडाला लावली असणार." तिने गोळी उचलून नामाच्या हातात परत दिली. "ही घेतली की तुमचा परत गुरुवार."

नामाने गोळी खिशात टाकली. वीस वर्षांत पहिल्यांदा टोळीचं औषध परत गेलं होतं.

उत्कर्षाने नाडी मोजली, जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. "सुई न्हाई का?" बाबासोंनी विचारलं. "नाही. रिक्षा," ती म्हणाली, आणि त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर नमिता यांनी तपासलं, ताप नाही आणि रक्त पडत नाही याची खात्री केली आणि कागदावर एकच गोष्ट लिहिली: ओआरएस, घोट घोट.

"उद्या दोरी हाय," बाबासो म्हणाले.

"सकाळपर्यंत चक्कर थांबली, जीभ ओली राहिली आणि लघवी फिकट झाली, तर जा," डॉक्टर म्हणाल्या. "पण श्वास कोंडून पोटावर जोर द्यायचा नाही. यापैकी एक गोष्ट जरी नसेल, तरी घरी बसायचं."

घरी येऊन उत्कर्षाने कॅलेंडरचं मागचं पान भिंतीला लावलं. एका बाजूला आत काय गेलं, दुसऱ्या बाजूला बाहेर काय आलं, मध्ये वेळ. चहा बंद. केळं, दहीभात, आणि दर पाच मिनिटांनी दोन घोट. वेणूबाईंनी त्या पानाचा फोटो काढून टोळीच्या ग्रुपवर टाकला. लोक सारखे फोन करत होते, आणि तेच तेच सांगून वेणूबाईंचं तोंड दुखायला लागलं होतं.

मग बाजाराला दुसरं काम उरलं नाही.

'५.४० ला काय झालं ते लिहिलेलं नाही,' धर्मराजने विचारलं.

'काहीच झालं नाही. चांगली गोष्ट आहे,' उत्कर्षाने उत्तर दिलं. त्यावर एकवीस अंगठे आले. ग्रुपमध्ये टोळीचे नऊच जण होते. बाकीचे कधी आत शिरले हे कुणाला कळलं नाही.

रविवारी सकाळी सातला वेणूबाईंनी दोनच शब्द टाकले: 'फिकट पिवळी.' नामाने हात जोडल्याची नऊ चित्रं पाठवली.

मैदानावर उत्कर्षाने बाबासोंना तिसऱ्यांदा बजावलं. "ओरडायचं नाही. झटका द्यायचा नाही. पाय रोवा, मागे झुका, श्वास चालू ठेवा. चक्कर आली तर दोरी सोडायची."

"मग वढायचं कवा?"

"ओढायचंच नाही. नुसतं उभं राहायचं."

बाबासोंना हे पटलं नव्हतं. दरवर्षी ते शिट्टी वाजताच डरकाळी फोडून हिसका देत. त्या हिसक्याने पुढच्या सातजणांचे पाय सुटत आणि पुढचं काम अरविंदची टोळी करी. पण काल अकरा खेपांनंतर भिंतीला पान लावून घोट कुणी मोजून पाजले, हे त्यांना आठवत होतं.

शिट्टी वाजली. डरकाळी आली नाही. पुढचे सातजण बावरले आणि बावरून जागच्या जागी रुतले. अरविंदच्या टोळीने पहिला हिसका दिला. दोरी हलली नाही. दुसरा दिला, तिसरा दिला. बाबासो आकाशाकडे बघत मागे झुकले होते आणि मोजून श्वास घेत होते, जसा मुलीने शिकवला होता तसा. चौथ्या हिसक्याला मसाला बाजाराच्या टाचा घसरल्या.

"चला आता," बाबासो हलक्या आवाजात म्हणाले. "पोतं घेऊन चालल्यागत."

आठजण एक पाऊल मागे गेले. मग दुसरं. चौदाव्या पावलाला दोरीच्या मध्यावर बांधलेला रुमाल रेषेच्या अलीकडे आला. टोळीने बाबासोंना खांद्यावर घ्यायचं ठरवलं, पण उत्कर्षाने पोटाला धक्का नको असं सांगितल्यामुळे नामाला खांद्यावर घेतलं. तो हलकाही होता.

गर्दी पांगल्यावर अरविंद आला. "पोरी, ह्याला कंची गोळी दिलीस?"

"पाणी. मीठ-साखरेचं."

"ते समद्यांना सांगायचं. खरं नाव सांग."

"खरंच पाणी, काका."

अरविंदने आजूबाजूला बघितलं, जवळ सरकला आणि खिशातून एक बाटली काढली. पांढरी, तळाला थोडीशी उरलेली. "गुरवारपासनं हे घेतोय. छाती थांबली. पन बाकीचंबी थांबलंय. मगाशी जोर लावाय गेलो तर पोटात नुसता दगुड."

उत्कर्षाने बाटलीकडे बघितलं, मग वडिलांकडे. बाबासो ढालीची मागची बाजू निरखत होते.

"आप्पा, ही आपलीच बाटली ना?"

"त्यानं मागितली," बाबासो म्हणाले. "न्हाई म्हनता येत न्हाई."

तिने पर्समधून कॅलेंडरचं एक कोरं पान आणि पेन काढलं. "काका, बसा. शेवटचं कधी झालं?"

"आँ? हितं? समद्यांम्होरं?"

"आमच्या आप्पांचं अख्ख्या बाजाराला पाठ आहे."

अरविंद निमूटपणे बसला. बाबासोंनी ढाल बगलेत मारली, पाण्याचा ग्लास काठोकाठ भरला आणि स्वतः त्याच्या हातात दिला.

"घे. समदा पी, घोट घोट," ते म्हणाले. "आन पिऊन झालं की सांग, ढाल पुसायला फडकं कंचं चांगलं."