संपादित पेडल

मेहुणा सर्किटचा कागद टेबलावर ठेवून गेला, तेव्हा कात्रीच्या हातात लाल पेन्सिल होती. घोटाळ्याला तिथूनच सुरुवात झाली.

कात्री हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. एका मासिकाच्या कचेरीत तो बावीस वर्षं लोकांचे लेख आटोपशीर करत होता. शब्दावर काट मारायची आणि विचारायचं, "काढल्याने अर्थ बदलतो का? नाही ना? मग कशाला हवा?" घरीही तेच. बायको शेजारणीची हकिगत सांगायला बसली की तिसऱ्या वाक्याला तो म्हणे, "मुद्द्यावर ये." बायको मुद्द्यावर येत नसे, उठून स्वयंपाकघरात जात असे.

हीच बायको शनिवारी तिच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात गाणार होती. लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि तेही स्वतः रचलेलं गाणं. आठवडाभर ती भांडी घासताना गुणगुणत होती. अशात साथीची व्हायोलिनवाली आजारी पडली. गाण्याखाली लांब सूर धरायला कोणी उरलं नाही. घरात कात्रीची गिटार होती, पण गिटारचा सूर छेडला की विरून जातो. तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मेहुण्याने तोडगा काढला, की सूर जाड करून ताणून धरणारं पेडल, म्हणजे गिटारला जोडायचा विजेचा डबा, घरीच बनवायचं.

"सोपं करून दिलंय भाऊजी," तो म्हणाला होता. "फक्त बावीस भाग. कागदावर आहे तसं जोडा, डोकं चालवू नका."

कात्रीने डोकं चालवलं. एकाच मापाचे दोन कपॅसिटर दिसले. पुनरुक्ती. एक काट. एका रेझिस्टरवर भलामोठा आकडा होता. अतिशयोक्ती. सर्किटमधून निघून पत्र्याच्या डब्याला जाऊन चिकटणारी एक तार तर सरळसरळ विषयांतर होती. तासाभरात बाविसांचे तेरा झाले आणि उरलेले नऊ केराच्या टोपलीत गेले.

पेडलमधून आवाज आला. चक्क जाड, ताणलेला, व्हायोलिनच्या जवळ जाणारा. कात्रीने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं आणि हात तारांवरून उचलला.

"श्रोतेहो," पेडल म्हणालं, "आता आरोग्यविषयक सल्ला."

"हे कोण बोललं?" बायकोने विचारलं.

"शेजारचा टीव्ही असेल."

"शेजारी गावाला गेलेत."

शनिवारी सकाळी मेहुणा आला. त्याने डबा उघडला आणि दोनदा मोजलं.

"बाकीचे नऊ कुठायत?"

"काढले. आवाज येतोय ना?"

"येतोय की. आकाशवाणीचाही येतोय. भाऊजी, मी इतक्या रेडिओंवर डोकं फोडलं, ते कधी इतके स्वच्छ बोलले नाहीत. ते नऊ आणा परत."

केर काल सकाळीच गेला होता आणि मेहुणा कामाला जायचा ते दुकान आज बंद होतं. सामानाच्या कपाटाची किल्ली मालकाकडे, आणि मालक लग्नाला. शेवटी मेहुण्याच्या असं लक्षात आलं, की कात्रीने बूट काढून पायाचा अंगठा डब्यातल्या एका स्क्रूवर दाबून धरला की पेडल गप्प बसतं.

"मग झालं तर," कात्री म्हणाला.

"अहो, पण तीन कडवी आहेत," बायको म्हणाली. "अंगठा टिकेल का?"

"अंगठ्याचं काय घेऊन बसलीस? मुद्द्यावर ये."

दुपारी शाळेच्या सभागृहात तालीम होती. पहिल्या रांगेत निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. कात्री एका पायात बूट, एक पाय उघडा, असा खुर्चीत बसला. पहिलं कडवं छान झालं. बायकोचा आवाज तापला, हात मोकळे झाले. दुसऱ्या कडव्यात कात्रीच्या पोटरीत गोळा आला. त्याने दात आवळून धीर धरला. बायकोने डोळे मिटून ओळ घेतली, "काय हे दाटून येतं माझ्या उरी..." आणि ठरल्याप्रमाणे थांबली. अंगठा सुटला.

"हा बहुतेक वेळा गॅसच असतो," पेडल म्हणालं.

सभागृहात कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांनी तोंडं दाबून धरली होती. कात्रीने घाईघाईने अंगठा टेकवला, तो चुकीच्या स्क्रूवर.

"रात्रीचं जेवण हलकं ठेवा आणि शंभर पावलं चाला."

"थांबवू नका," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पथ्य काय सांगतायत ते ऐकू द्या."

बायको कात्रीच्या खुर्चीपाशी आली, त्याच्या खिशातली लाल पेन्सिल काढली आणि कार्यक्रमाचा कागद पुढ्यात ओढला. तिच्या नावाखाली लिहिलं होतं, "गिटारची साथ : यजमान." तिने त्यावर सरळ काट मारली आणि समासात वगळण्याची खूणही केली, अगदी कचेरीत करतात तशी, शेपटीसकट.

"अगं, पण..."

"काढल्याने अर्थ बदलत नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी ती एकटी गायली. लांब सूर तिने स्वतःच धरला, आणि तो संपेपर्यंत सभागृहात कोणी खुर्चीसुद्धा वाजवली नाही. तिसऱ्या कडव्यात एक शब्द दोनदा आला. मागच्या रांगेत बसलेल्या कात्रीचा हात सवयीने खिशाकडे गेला.

पेन्सिल तिच्याकडेच राहिली होती.