गावंड्यांचा मुरगळलेला पाय

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गावंडे ट्रकच्या रिव्हर्स हॉर्नवर नाचतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणाचं तरी सामान घेऊन कॉलनीत एक ट्रक आला होता. मागे घेताना तो कसलीशी टुणटुण धून वाजवायला लागला, आणि दुधाची पिशवी घेऊन परतणारे गावंडे दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे करत त्याच्याबरोबर मागे मागे सरकू लागले. ट्रक थांबला, तेव्हाच तेही थांबले. मला पाहून म्हणाले, "काय करू वहिनी, पाय आयकत नाही ना!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये ते माल रवाना करायचं काम बघतात. दिवसभर ट्रक लावून घेणं हीच नोकरी, म्हणजे दिवसभर संगीत. वय पन्नाशीच्या अलीकडे, पोट पन्नाशीच्या पलीकडे. घराणं मूळचं अकोल्याकडचं. वडील रेल्वेत होते, म्हणून जन्म रायपूरचा. आम्ही नाशिकहून इथे आलो, तेव्हा या शहरात मराठी ऐकायलाच मिळणार नाही असं मला वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी जिन्यातून आवाज आला, "काहून बे, लिफ्ट काहून बंद करून ठेवली?" आणि मला एकदम हायसं वाटलं. तो आवाज गावंड्यांचा.

त्यांना कुकरची शिट्टी चालते, शेजारच्या मिक्सरची घरघर चालते, आणि सकाळी गाणं वाजवत येणारी कचऱ्याची गाडी तर फारच चालते. बनियन, अर्धी चड्डी, दोन हातांत दोन डबे, एक ओला आणि एक सुका, अशा थाटात ते गेटपर्यंत नाचत जातात आणि रिकामे डबे वाजवत परत येतात. त्यांच्या पत्नी, सुनीताताई, हे वीस वर्षं पाहत आल्या आहेत. "लग्नाच्या वरातीत नवरदेव घोड्यावर बसतो ना," त्या मला एकदा म्हणाल्या, "आमचा घोडा रिकामाच आला होता. हे पुढे नाचून राहिले होते."

या सगळ्यात त्यांची जोडीदार होती मुलगी, ओवी. लहानपणी ती बापाच्या पावलांवर पावलं ठेवून उभी राहायची आणि गावंडे तिच्यासकट हॉलभर फिरायचे. आम्ही आलो तेव्हा ती दुसरीत होती. एक डबा तिच्या हातात, एक बापाच्या, अशी ती वरात रोज निघायची. बाप मराठीत बोलायचा, मुलगी हिंदीत उत्तर द्यायची, आणि पायांचं मात्र एकच बोलणं चालायचं.

मग ओवी आठवीत गेली. आठवीतल्या मुलीला बाप असतो हीच मुळात अवघड गोष्ट, आणि हिचा बाप तर कचऱ्याच्या गाडीपुढे नाचणारा. तिनं आधी डबा सोडला. मग "पापा, प्लीज" सुरू झालं. त्यातच समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी गावंड्यांचा सकाळचा कार्यक्रम मोबाईलवर टिपला. बनियन, डबे, गिरकी, सगळं आलं होतं. तो व्हिडिओ फिरत फिरत ओवीच्या वर्गात पोचला. त्या दिवशी ती घरी आली आणि खोलीचं दार लावून बसली. गावंड्यांनी स्वतः व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "काढणाऱ्यानं अर्ध्यातच बंद केला. पुढे तर रंग चढला होता!"

पुढचं सगळं मला खुद्द गावंड्यांनीच नंतर सांगितलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात यंदा बाप-लेकींचा नाच बसवायचा ठरला होता. एका दुपारी प्लांटवर त्यांना वर्गाच्या मॅडमचा फोन आला. "सर, ओवी बता रही थी, आपके पैर में बहुत चोट है. डांस नहीं कर पाएँगे. अब कैसा है पैर?"

"मी खाली पाह्यलं वहिनी," गावंडे म्हणाले. "दोन्ही पाय होते. धडधाकट होते."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, थोडा आराम है मैडम. चलने में तकलीफ़ है."

आणि तिथून गावंड्यांनी जे आरंभलं, त्याला तोड नाही. शनिवारी पालकसभा होती. ते डाव्या पायाला क्रेप बँडेज गुंडाळून, लंगडत, जिन्याचा कठडा धरत शाळेत हजर झाले. मॅडम हळहळल्या, खुर्ची दिली. शेजारी उभ्या ओवीचा चेहरा पांढराफटक. येताना स्कूटरवर तिनं मागून हळूच विचारलं, "पापा, आपके पैर को क्या हुआ?"

"मुरगळला ना बेटा. प्लांटमध्ये. तुले सांगायचंच राह्यलं."

पोरगी खोटं बोलली हे आपल्याला कळलंय, हे पोरीला कळू नये, म्हणून हा माणूस घरातही लंगडू लागला. सुनीताताईंना तर त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. त्या बिचाऱ्या रोज संध्याकाळी गरम हळदीचा लेप लावायच्या. एकदा लेपाची वाटी घेऊन बसल्या आणि थबकल्या. "काहो, काल डावा होता ना?"

गावंड्यांनी पायाकडे पाहिलं. घाईत उजव्याला बँडेज बांधलं गेलं होतं. "वात आहे तो," ते गंभीरपणे म्हणाले. "फिरते."

तीन आठवडे हा वात फिरत राहिला. कचऱ्याची गाडी यायची, गायची, जायची. डबे सुनीताताई नेऊ लागल्या. दिवस लग्नसराईचे होते. एका संध्याकाळी कॉलनीतून वरात निघाली, पुढे धुमाल पार्टी. ज्यांनी धुमाल ऐकलं नाही त्यांना एवढंच सांगते, ते गाडीवर रचलेले ढोल-ताशे वाजायला लागले की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या काचा ताल धरतात. गावंडे बाल्कनीत उभे होते. खालून चार-पाच जण ओरडले, "गावंडे भैया, आओ ना!" त्यांनी बँडेजचा पाय उचलून दाखवला आणि दोन्ही हातांनी कठडा गच्च धरला. बाजूच्या माझ्या बाल्कनीतून मला त्यांची पाठ तिरकी दिसत होती. वाऱ्यावर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी ती हलत होती. त्यांच्या मागे, दारात, ओवी उभी होती. वरात वळणावरून दिसेनाशी झाली, तरी ती बापाच्या पाठीकडेच बघत होती.

पुढच्या रविवारी दुपारी मी कपडे काढायला गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागून खसखस आवाज येत होता. मांजर असेल म्हणून डोकावले, तर गावंडे. मोबाईल टाकीला टेकवून ठेवलेला, त्यात मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर टाकलेला नाचाचा व्हिडिओ, आणि हा मुरगळलेल्या पायाचा गृहस्थ कपाळावर घाम घेऊन एक-दोन-तीन-गिरकी, एक-दोन-तीन-गिरकी करत होता. मला पाहताच ते लंगडले. मग माझं हसू पाहून सरळ उभे राहिले आणि वर सांगितलेली सगळी हकिकत त्यांनी तिथेच, टाकीच्या सावलीत बसून, मला सांगितली.

"अहो, पण तुम्ही नाचणारच नाही आहात, तर ही तालीम कशाला?"

"शेवटच्या घडीले तिचं मन बदललं, तं?" ते म्हणाले. "बोलावलं तं आपली तयारी पाह्यजे ना. आणि मी मनानं नाचलो तं पोट्टी अजून लाजते. म्हणून मॅडमनं दाखवलं तेवढंच. एक इंच जास्त नाही. तिसऱ्या कडव्यात उजवीकडे गिरकी आहे, ते जरा कठीण आहे."

"आणि नाही बोलावलं तर?"

"नाही तं नाही. पोटाले व्यायाम."

कुणाला सांगू नका, एवढी त्यांनी गळ घातली. मी कपडे घेऊन खाली उतरले. जिन्याच्या वळणावर ओवी उभी होती. मी काही बोलायच्या आत ती भराभर खाली निघून गेली.

स्नेहसंमेलनाला मीही होते. आमचे पाचवीतले चिरंजीव त्यात धान झाले होते. छत्तीसगढच्या गाण्यात हिरवे कपडे घालून वीस मुलांनी रांगेत डोलायचं होतं. आमचं धान बरं डोललं. ते आटोपून माझ्याजवळ येऊन बसलं. पलीकडे गावंडे, बँडेजचा पाय पुढे पसरून. त्यांच्या शेजारी ओवी. सुनीताताईंकडे पाहुणे आले होते, म्हणून त्या घरीच होत्या.

बाप-लेकींच्या नाचाची वेळ झाली आणि स्टेजच्या बाजूला एकच धावपळ उडाली. ओवीची मैत्रीण मान्या हुंदके देत होती. तिचे वडील रेल्वेत लोको पायलट. त्यांची गाडी कुठेतरी सिग्नलला अडकली होती आणि ते वेळेत पोचणार नव्हते. नऊ जोड्या तयार उभ्या होत्या, दहाव्या जोडीतला बापच गायब. मॅडम मान्याची समजूत घालत होत्या, "बेटा, तुम अगले साल कर लेना." ते ऐकून ती आणखी मोठ्यानं रडू लागली.

ओवी उठली आणि थेट मॅडमपाशी गेली. "मैडम, मेरे पापा कर देंगे. उनको सब स्टेप आते हैं."

"पर बेटा, उनका पैर?"

ओवीनं मान खाली घातली. मग म्हणाली, "पैर ठीक है मैडम. पहले से ठीक था. मैंने झूठ बोला था."

तोवर गावंडे धडपडत तिथे पोचले होते. "नहीं नहीं मैडम, चोट सच में थी! आज सुबह ही ठीक हुआ है, एकदम अचानक!" असं म्हणत ते एका पायावर उभे राहून बँडेज सोडू लागले. ते इतकं लांब निघालं, की टोक धरून ओवीलाच ओढावं लागलं. बाप-लेकींनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

नाच सुरू झाला. गावंड्यांना असं नाचताना मी कधीच पाहिलं नव्हतं. परक्या लेकीचा हात त्यांनी काचेची बरणी धरावी तसा धरला होता. एक-दोन-तीन. एकदा ढोलक जोरात वाजलं तेव्हा त्यांचा खांदा उडू पाहत होता, तो त्यांनी दाबला. तिसऱ्या कडव्यात मॅडम विंगेतून उजवीकडे हात दाखवत होत्या. नऊ बाप डावीकडे वळले. उजवीकडे वळले ते एकटे गावंडे. मान्या हसत होती. माझ्या शेजारी ओवीचे ओठ हलत होते, एक-दोन-तीन.

"मेरे साथ तो कभी ऐसे नहीं किया," ती पुटपुटली. मी धानाच्या डोक्यावरची पाती सारखी करत बसले.

टाळ्या पडल्या. मागच्या दारातून युनिफॉर्ममधला एक माणूस बॅग सांभाळत धावत आला. मान्या त्याच्याकडे झेपावली. गावंड्यांनी हात जोडले, "लो भाईसाहब, आपकी बेटी," आणि रुमालानं मान पुसत आमच्या रांगेकडे आले. खुर्चीशी पोचले, पण बसले नाहीत. पोरगी काय म्हणते, याची वाट पाहत उभे राहिले.

ओवी बराच वेळ बँडेजची गुंडाळी करत बसली. मग एकदम म्हणाली, "पापा, तीसरे वाले में आप गलत घूमे. सब लोग लेफ्ट गए थे."

मी तोंड उघडलं. त्या गिरकीसाठी या माणसानं तीन आठवडे टाकीमागे घाम गाळला होता, आणि अख्ख्या स्टेजवर तेवढीच एक बरोबर होती. गावंड्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. मी तोंड मिटलं.

"हव का?" ते ओवीला म्हणाले. "मले वाटलंच होतं. कसं होतं ते? दाखव बरं."

"ऐसे." तिनं खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभं राहून एक गिरकी घेतली, डावीकडे. गावंडे उजवीकडे वळले.

"अरे उधर नहीं, पापा! इधर!"

"इकडे?" ते पुन्हा उजवीकडे वळले.

"ओफ्फो, हाथ दो." तिनं त्यांचा हात पकडला. स्टेजवर पुढचा कार्यक्रम सुरू झाला होता, मागच्या रांगेतले लोक बसा बसा म्हणत होते. वर्गातल्या चार मुली वळून पाहत होत्या. ओवीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि बापाचा हात सोडला नाही. "ध्यान से. एक, दो, तीन..."

आमच्या धानाला भूक लागली होती, ते माझा पदर ओढत होतं. मी उठता उठता मागे वळून पाहिलं. गावंडे चौथ्यांदा चुकले.