रोखीतलं हॅम

जुगार हे पाप आहे. पण तो मुलांच्या बर्फावरच्या हॉकीसाठी असेल आणि रोखीनं खेळला असेल, तर ते समाजकार्य ठरतं. मिनेसोटात यावर कोणाचं दुमत नाही. क्रेडिट कार्ड काढलं किंवा उधारी केली की ते पुन्हा पाप, आणि जुगाराचा सरकारी परवाना जातो.

ही सीमारेषा सांभाळायचं काम ब्योर्नलुंड गावात अर्लिस ट्वेटकडे होतं. दर शुक्रवारी क्लबात ती मांसाची सोडत काढायची: तिकिटं विकायची, आकड्यांचं चाक फिरवायचं, आणि ज्याचा आकडा लागेल त्याला मांस. त्या पैशांवर पोरांच्या बंदिस्त मैदानात हिवाळाभर बर्फ राहायचा. बाहेर पारा उणे वीसवर असताना बर्फाला पैसे का लागतात, हे गावात कोणी विचारत नसे.

त्या शुक्रवारी कोपऱ्यात एक अनोळखी माणूस सोडा पीत बसला होता. शेजारच्या गावाचा परवाना नुकताच गेला होता. अर्लिसनं त्याच्या शर्टाची इस्त्री पाहिली आणि गल्ल्यातले पैसे पुन्हा एकदा मोजले. इस्त्री करून सोडतीला येणारा माणूस सरकारीच असणार.

शेवटचा डाव मोठ्या हॅमचा, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या अख्ख्या मांडीचा. सगळी तिकिटं खपल्याशिवाय चाक फिरत नाही, आणि नेमकं एक उरलं होतं. लोकांचे खिसे रिकामे झाले होते. तिचा दीर ऑरिन यानं कार्ड पुढे केलं.

"वहिनी, घ्या की यावर."

"भाऊजी, ते आधी आत ठेवा."

"बरं, मग उद्या देतो पैसे."

"इथे उधारी होत नाही," अर्लिस कोपऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "कधीच झालेली नाही."

ऑरिनला ही माहिती नवीन होती.

फादर काझिमिर यांनी त्याला दोन डॉलर देऊ केले. तो नको म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं, ही इथली रीत. पण फादर शिकागोचे. त्यांनी पाकीट खिशात ठेवून दिलं.

तेवढ्यात तो अनोळखी माणूस उठला आणि त्यानं टेबलावर रोख पैसे ठेवले. हा सापळा असणार, हे अर्लिसला कळत होतं. पण रोख पैसे नाकारायचा नियम तिला आठवेना. चाक फिरलं आणि त्याच्याच आकड्यावर थांबलं.

सरकारी माणसाला हॅम दिलं तर लाच, नाही दिलं तर फसवणूक. अर्लिसनं ते पुढे केलं.

"नको हो, ठेवा."

"तुमचंच आहे."

"नको, खरंच."

"घ्या ना."

"बरं, एवढं म्हणताय तर."

तिसऱ्यांदा हो म्हणाला, म्हणजे माणूस इथलाच. अर्लिसला थोडा धीर आला. तुम्ही राज्याच्या नोकरीत का, असं तिनं विचारूनच टाकलं. हो, तो म्हणाला, पण जुगाराशी त्याचा संबंध नव्हता. तो दुकानांमधली वजनमापं तपासायचा, आणि आज त्याची सुट्टी होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अर्लिस त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसली आणि तिनं सगळ्यांना कॉफी जाहीर केली.

तो मात्र सवयीनं हॅम हातात जोखत उभा होता.

"यावर बारा पौंड लिहिलंय," तो म्हणाला. "हे दहाच्या वर नाही."

हॅम अर्लिसच्या नवऱ्याच्या दुकानातलं होतं.