दुरुस्ती मुरू द्या

रविवारी चार वाजता येणाऱ्या माणसांसाठी काकू कप पुसत होत्या. बाहेरच्या खोलीतून मुलगा कोण कोण येणार ते वाचून दाखवत होता. शेवटचं नाव ऐकलं आणि काकूंच्या हातातलं फडकं कपातच राहिलं.

"मिस्त्रींना कशाला रे बोलावलंस?"

"अण्णांच्या फोनवरून सगळ्यात जास्त फोन त्यांनाच झालेत. जवळचे मित्र असणार. मला कधी बोलले नाहीत अण्णा."

काकूंनी पुढचा कप पुसायला घेतला. ते सगळे फोन त्यांनीच केले होते, अण्णा अंघोळीला गेले की. स्वतःच्या फोनवरून केले असते, पण त्यावरून पलीकडच्याला काही ऐकू जात नसे, कारण तो अण्णांनी दुरुस्त केलेला होता.

अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते. पोटापाण्यासाठी ते पोस्टात कारकून होते, पण जीव अडकलेला स्क्रू-ड्रायव्हरमध्ये. रविवारी सकाळी त्यांनी तो हातात घेतला की घरातल्या बिघडलेल्या वस्तू घाबरत आणि चांगल्या वस्तू त्याहून जास्त घाबरत. काम संपलं की दोन-तीन स्क्रू हमखास उरायचे. कारखान्यात ते उगाच जास्तीचे घालतात, असं अण्णांचं म्हणणं. दुसरं म्हणणं असं, की दुरुस्ती मुरावी लागते. रंग वाळायला वेळ लागतो, प्लास्टर सुकायला वेळ लागतो, मग दुरुस्तीनेच काय घोडं मारलंय? म्हणून अण्णांनी हात लावलेली वस्तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी सुरू करायची नाही, असा नियम होता.

हा नियम काकूंच्या पथ्यावर पडला होता. सोमवारी अण्णा कामावर गेले, की अकराच्या सुमारास गल्लीच्या टोकाच्या दुरुस्तीच्या दुकानातले मिस्त्री मागच्या दाराने येत, वस्तू उघडत, अण्णांनी केलेलं सगळं काढत आणि मूळचा बिघाड दुरुस्त करून जात. संध्याकाळी अण्णा बटण दाबत. वस्तू चालू होई. अण्णा म्हणत, "बघ, मुरली." काकू म्हणत, "तुमच्या हाताला गुण आहे हो." तीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

आणि ह्या सगळ्यातून मुलगा इंजिनियर झाला होता. वडिलांच्या हातात जादू आहे, हे तो लहानपणापासून बघत आला होता. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा त्याने तेच सांगितलं होतं म्हणे. आता अण्णांच्या आठवणी जागवायला भाषणं नकोत, असं त्याचं मत पडलं. प्रत्येकाने अण्णांनी दुरुस्त केलेली एकेक वस्तू आणावी आणि तिची गोष्ट सांगावी. वस्तूच बोलतील, तो म्हणाला. काकूंना नेमकी तीच भीती होती.

अण्णा गेले, त्याला काही इलाज नव्हता. पण मुलाच्या मनातले अण्णा अजून धडधाकट होते. त्यांना आज धक्का लागता कामा नये, एवढं काकूंनी ठरवलं आणि दुपारीच मिस्त्रींना फोन करून विनवलं, की या, चहा घ्या, पण तेवढं बोलू नका. तशी मिस्त्रींची भीती नव्हती. ते दिवसातून दहा-बारा शब्द बोलत आणि त्यातले बरेचसे "उद्या या" ह्यातच संपत.

चारच्या ठोक्याला माणसं जमली. शेजारच्या टीचरबाई मिक्सर घेऊन आल्या. समोरच्या शिवणकामवाल्या मावशींनी शिलाई मशीनची मोटर पिशवीत घालून आणली. अण्णांच्या ऑफिसातले हेडक्लार्क रेडिओ काखेत धरून आले, जणू तो रस्त्यात रडायला लागला असता. काकूंनी घरातली इस्त्री ठेवली. मिस्त्री रिकाम्या हाताने आले आणि दाराजवळच्या खुर्चीत छताकडे बघत बसले.

सुरुवात मावशींनी केली. ऐन हंगामात मोटर बंद पडली होती, ब्लाउजांचा ढीग साचला होता. अण्णा ऑफिसातून परस्पर आले, कपडे न बदलता जमिनीवर बसले आणि मोटर खोलता खोलता त्यांना इतकं हसवलं, की गिऱ्हाइकांच्या शिव्या त्या विसरल्या. जाताना म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नका, मुरू द्या. "आणि मुरली हो," मावशी म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यांची नजर चोरट्यासारखी दाराकडे गेली.

टीचरबाईंनी सांगितलं, की त्यांचे यजमान वारल्यानंतर वर्षभर अण्णा दर महिन्याला येऊन विचारायचे, काही बिघडलंय का. काही बिघडलेलं नसलं की हिरमुसायचे. मग टीचरबाईंनाच वाईट वाटायचं आणि त्या मिक्सर पुढे करायच्या. हेडक्लार्कांनी ऑफिसातल्या घड्याळाची गोष्ट सांगितली. अण्णांनी ते दुरुस्त केल्यापासून पुढचा दीड दिवस सगळं ऑफिस वीस मिनिटं आधी सुटत होतं आणि साहेबांसकट कोणीही तक्रार केली नव्हती. सगळे हसले. काकूंच्या सूनबाईंनी डोळे पुसले. प्रत्येक गोष्ट शेवटी त्याच वळणावर येत होती, की दुसऱ्या दिवशी वस्तू चालू झाली. आणि तिथे आलं, की बोलणारा दाराकडे बघत होता.

काकूंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. म्हणजे मागचं दार फक्त आपल्याच घराला नव्हतं तर.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मुलाला भरून आलं आणि भरून आलेल्या माणसाने विजेला हात लावू नये. अण्णांच्या ह्या सगळ्या वस्तू एकदम चालू करू या, तो म्हणाला, हीच त्यांची खरी आठवण. त्याने एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि मिक्सर, मोटर, इस्त्री, रेडिओ असं सगळं त्या एकाच बोर्डाला लावलं. इंजिनियर होता, पण पुलांचा. बटण दाबल्यावर मिक्सर ओरडला, मोटर थरथरली, रेडिओतल्या बाईने बातम्यांचं पहिलं वाक्य अर्धं म्हटलं आणि फट्‌ असा आवाज होऊन घरातला पंखाही थांबला.

फ्यूज बदलून झाला. पण मिक्सर काही केल्या सुरू होईना. टीचरबाई म्हणाल्या, राहू दे, घरी गेल्यावर बघते. मुलगा म्हणाला, छे, मीच उघडतो, निदान अण्णांच्या हातचं काम तरी बघायला मिळेल. काकूंनी चहा घ्या म्हटलं. कोणी घेतला नाही.

मिक्सरचं बूड निघालं. आत एका कोपऱ्यात लाल रंगाचा बारीक ठिपका होता आणि त्याखाली सुबक आकड्यांत तारीख.

"आई, हे बघ. अण्णांची खूण. खूण करून ठेवायचे ते."

ती खूण कोणाची, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मिस्त्री आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक वस्तूत तसा ठिपका देत आणि तारीख घालत, म्हणजे पुन्हा आली तर कळावं. शिवाय अण्णांचं अक्षर असं होतं, की त्यांनी लिहिलेले पत्ते पोस्टमन त्यांनाच परत विचारायला यायचे. पण मुलाच्या चेहऱ्याकडे बघून सगळ्यांनी माना डोलावल्या. खूणच ती, मावशी म्हणाल्या. फार टापटीप माणूस, हेडक्लार्क म्हणाले. ज्या माणसाच्या टेबलावर एकदा हरवलेलं पार्सल चार महिन्यांनी सापडलं होतं, त्याच्याबद्दल ते बोलत होते.

झालं. मुलाने एकेक वस्तू उघडायचा सपाटाच लावला. मोटरीत ठिपका. इस्त्रीत एकाखाली एक असे सहा. दर वेळी तो तारीख मोठ्याने वाची आणि अण्णा तेव्हा किती वर्षांचे होते ते सांगे. मग परत मिक्सरकडे वळला आणि थबकला.

"पण ही तर माझ्या लग्नाची तारीख आहे."

टीचरबाईंनी पदर सारखा केला.

"लग्न दुसऱ्या गावी होतं," मुलगा म्हणाला. "दिवसभर अण्णा माझ्या शेजारी उभे होते."

"मध्येच येऊन गेले असतील," हेडक्लार्क म्हणाले.

"रेल्वेने दहा तास लागतात काका."

"कामाला फार पक्के होते," टीचरबाई हळूच म्हणाल्या.

काकूंनी पुन्हा चहाचं विचारलं. ह्या वेळी सगळ्यांनी एकदम घेतला, आणि तोंडं कपात घातली. मुलगा मात्र रेडिओ घेऊन बसला. हेडक्लार्क घाईने म्हणाले, रेडिओ नको, तो नाजूक आहे. पण तोवर मागची फळी निघाली होती. ठिपका ताजा होता. अगदी लालभडक. मुलाने तारीख एकदा वाचली, मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

"ही गेल्या मंगळवारची आहे."

हेडक्लार्कांनी रेडिओ आजच्यासाठी चालू करून आणला होता. अण्णांची वस्तू, ती लोकांत बंद कशी दाखवायची? पण हे बोलायचं कसं? त्यांनी कपात आणखी खोल बघितलं. मुलाने कोणालाही काही विचारलं नाही. तो एकेकाकडे बघत गेला आणि बघता बघता त्याची नजर दाराजवळच्या खुर्चीपर्यंत पोचली. तिथे एक माणूस छताकडे बघत होता आणि त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाला लाल रंग होता.

काकू पुढे आल्या. सांगायचंच असेल तर आपण सांगावं, असं त्यांना वाटलं. "मीच बोलवायचे रे त्यांना," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी. तुझ्या अण्णांना माहीत नव्हतं. त्यांचा हिरमोड झाला असता."

मग बांधच फुटला. मीसुद्धा, मावशी म्हणाल्या. मी रिक्षाने न्यायचे, टीचरबाई म्हणाल्या, गल्लीत कोणी बघू नये म्हणून उशीच्या अभ्र्यात घालून. ऑफिसातलं घड्याळही साहेबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः नेलं होतं. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, की हे पाप आपलं एकट्याचंच.

मिस्त्री उठून उभे राहिले. आता हे जाणार, असं काकूंना वाटलं. पण ते घसा खाकरून बोलायला लागले. इतकी वाक्यं त्यांच्या तोंडून एका वेळी कोणीच ऐकली नव्हती.

"वहिनी, त्यांना माहीत होतं."

काकू हातातल्या ट्रेसकट खाली बसल्या.

मिस्त्रींनी सांगितलं ते असं. सोमवारी सकाळी ऑफिसला जाता जाता अण्णा दुकानाशी थांबत. टीचरबाईंचा मिक्सर येईल आज, सांगत. आत मी हिरवी वायर कुठे लावलीय ते माझं मलाच आठवत नाही, तू बघ. त्यांना आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिलीय, तेवढ्यात आटप. मग तुम्ही हात लावताच कशाला, असं मिस्त्रींनी एकदा विचारलं होतं. लोक विश्वासाने आणतात, नाही कसं म्हणायचं, अण्णा म्हणाले होते. आणि शिवाय, बसून चार गोष्टी होतात.

"आणि मी?" काकूंनी विचारलं. "मी बोलावते, तेही माहीत होतं?"

"तुमचंच तर आधी सांगायचे. म्हणायचे, तिला वाटतं मला ठाऊक नाही. कळू देऊ नकोस, तिचा हिरमोड होईल."

काकूंना हसूही आलं आणि रागही. तीस वर्षं आपण ज्यांना सांभाळून घेत होतो, ते अंघोळ जरा जास्तच वेळ का करत, ते त्यांना आत्ता कळलं.

सगळे हसत होते, मुलगा सोडून. तो उघड्या रेडिओसमोर मांडी घालून बसला होता आणि एकदम लहान दिसत होता.

"म्हणजे अण्णांनी कधीच काही दुरुस्त केलं नाही? एकही वस्तू?"

सगळे आठवू लागले. मनापासून आठवू लागले. मावशींनी तोंड उघडलं आणि मिटलं. टीचरबाई बोटांवर मोजत बसल्या. काकूंनी सगळं घर मनातल्या मनात पालथं घातलं, माळ्यावरच्या खोक्यांसकट, आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही. खोटं सांगता आलं असतं, पण आज खोट्याचा साठाच संपला होता.

"एक आहे," मिस्त्री म्हणाले. "चला."

सगळी वरात कप हातात घेऊन गल्लीच्या टोकाशी गेली. मिस्त्रींनी शटर वर केलं. आत पोट उघडलेल्या वस्तूंची गर्दी, तारांची भेंडोळी, सोल्डरिंगचा वास. कोपऱ्यातल्या फळीवर एक जुना टेबलफॅन होता. नऊ वर्षांपूर्वी मिस्त्रींचा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा तो बंद पडला. मिस्त्री नको नको म्हणत असताना अण्णा तीन तास त्याच्याशी झटले होते.

मिस्त्रींनी बटण दाबलं. पंखा आधी कण्हला, मग डब्यात खडे हलवावेत तसा वाजायला लागला आणि मग फिरू लागला. चांगला वारा येत होता. फक्त त्याची मान वळत नव्हती. ती एका बाजूला घट्ट बसली होती, मिस्त्रींच्या बाकाकडे पाठ करून, समोर गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या स्टुलाकडे.

"मी इथे बसून घामाघूम होतो," मिस्त्री म्हणाले. "ते तिथे बसायचे, गार हवेत."

मुलगा पंख्याभोवती फिरून आला. वाकून त्याने मागच्या जाळीतून बघितलं. लाल ठिपका कुठेच दिसला नाही. सवयीने त्याचा हात मागच्या स्क्रूकडे गेला.

"तुम्ही कधी उघडून बघितला नाहीत काका? नऊ वर्षांत?"

"नाही."

"का?"

मिस्त्रींनी जाळीवरची धूळ बोटाने पुसली.

"उघडला तर दुरुस्त करावा लागेल."

मुलाने हात मागे घेतला. बाहेर मावशी हेडक्लार्कांना विचारत होत्या, की ते वीस मिनिटं आधी सुटणं नेमकं कोणत्या वर्षी होतं. काकू आत आल्या. त्यांनी स्टुलावरची धूळ पदराने झटकली, त्यावर बसल्या आणि कपाळावरचे केस उडू दिले.

"बंद करू का वहिनी? आवाज फार आहे," मिस्त्रींनी विचारलं.

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "मी जरा बसते."