अर्जदाराची पहिली बायको

सोमवार, सकाळचे साडेदहा. बोरगाव मेघे, वर्धा. निवृत्त वरिष्ठ लिपिक माधवराव झाडे यांच्या घरातलं जेवणाचं टेबल. टेबलावर लॅपटॉप, चष्म्याचं घर आणि एक जाडजूड फाईल. घरात दोनच माणसं हजर होती : माधवराव आणि त्यांच्या पत्नी सुमतीबाई. सुमतीबाई त्या वेळी तुरीच्या शेंगा सोलत होत्या, तेव्हा त्यांच्यावर काही ठपका येत नाही. जे केलं ते माधवरावांनी केलं.

त्यांनी एक कागद जास्तीचा जोडला.

अर्ज न्यूझीलंडचा होता, कायमच्या वास्तव्याचा. एकुलती एक लेक मैत्रेयी हॅमिल्टन नावाच्या गावात गुरांची डॉक्टर आहे. आईबाबांनी आता तिकडंच येऊन राहावं म्हणून तिनं सात वर्षं वाट पाहिली आणि दीड वर्ष कागद गोळा केले. मध्यंतरी तिला मुलगी झाली. ही नात आजोबांना फक्त फोनमध्ये ओळखायची. फोन दिसला की चाटायची. म्हणजे माधवरावांचा नातीशी आजवरचा सगळा संबंध काचेवरून झालेला. तो एकदा प्रत्यक्ष, अंगाखांद्यावर व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती. त्यात गैर काही नाही.

मैत्रेयीनं बजावलं होतं, "बाबा, ते जेवढं मागतात तेवढंच जोडा."

पण हे कुणाला सांगावं? माधवराव चौतीस वर्षं एका खात्यात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते. समोर आलेल्या माणसाला 'अजून एक कागद आणा' म्हणून परत पाठवण्यात त्यांची हयात गेली. (खात्याचं नाव देत नाही. परत गेलेली माणसं अजून जिवंत आहेत.) आपला अर्ज असा कुणी परत पाठवू नये, म्हणून त्यांनी ट्रंकेतून १९८७ सालची लग्नपत्रिका काढली. चारही कोपऱ्यांना हळद. तिचं इंग्रजी भाषांतर स्वतः केलं, खाली स्वतःच सही केली आणि निवृत्तीच्या दिवशी परत करायचा राहून गेलेला शिक्काही मारला.

"अवो, ते कायले लावता?" सुमतीबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "मागितलं का त्याईनं?"

"पुरावा भक्कम पाहिजे. तुला नाही कळायचं."

आणि त्यांनी बटण दाबलं.

एकोणिसाव्या दिवशी मैत्रेयीचा फोन आला. आवाज असा की समोर आजारी म्हैस आणि तिचा चिडका मालक, दोघेही एकदमच उभे असावेत.

"बाबा, तुम्ही पत्रिका जोडलीत?"

"हो. का बरं? आवडली का त्यांना?"

"ते विचारतायत, कोकिळा कोण? अर्जदाराच्या पहिल्या पत्नीचं पुढं काय झालं? घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूम, वारली असेल तर मृत्यूचा दाखला. तीस दिवसांत."

माधवराव खुर्चीत बसले. खुर्ची तिथं होती हे त्यांचं नशीब.

तिकडच्या साहेबांना माहीत नसलेली गोष्ट इतकीच की कोकिळा आणि सुमती एकच. अल्लीपूरच्या साटोणे यांची कोकिळा लग्नाला उभी राहिली. मांडवात ताट आलं, ताटात तांदूळ आले, नवरदेवानं अंगठीनं त्या तांदळात नवं नाव काढलं, पेढे वाटले, आणि पाच मिनिटांत कोकिळा साटोणेची सुमती झाडे झाली. (पाच मिनिटांत नाव बदलून मिळाल्याचं या जिल्ह्यात तेवढंच उदाहरण असावं. पुढं रेशनकार्ड, बँक, आधार सगळीकडे सुमतीच लागली. कुणी एक कागद मागितला नाही. परत पाठवायला तिथं माधवराव नव्हते ना!)

माधवरावांनी अडीच पानी इंग्रजी खुलासा धाडला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं सुरू करून त्यांनी कळवलं की पत्नीचं नाव तांदळात बदलण्यात आलं होतं. चार दिवसांत उत्तर आलं, अगदी नम्र. त्या वेळी झालेली अधिकृत नोंद कृपया पाठवावी.

माधवरावांनी अल्लीपूरला सुमतीबाईंच्या थोरल्या भावाला, रूपरावांना फोन लावला.

"दादा, ते लग्नातलं ताट आहे का हो?"

"हाये ना जवाईबापू! फेकतो का आपन? पितळेचं हाये."

"कुठं आहे?"

"गोठ्यात. म्हशीले सरकीची ढेप देतो त्याच्यात."

"आणि तांदूळ?"

"जवाईबापू, तब्येत बरी हाये ना तुमची? कोकीले द्या बरं फोन."

रूपराव मात्र हार मानणारे नव्हेत. त्यांनीच तोड काढली. लग्न नोंदवलेलंच नाही ना? मग आता नोंदवा. पक्का दाखला मिळेल, तो पाठवा. लग्न लागलं होतं सुमतीबाईंच्या मामांच्या गावी. (गावाचं नाव देत नाही. तिथल्या ग्रामसेवकाचा पगार अजून चालू आहे.) गुरुवारी तिघंही तिथं पोचले. रूपरावांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला होता.

ग्रामसेवकानं पत्रिका पाहिली, सुमतीबाईंचं आधार पाहिलं.

"नवरी कुठं हाये?"

"ही काय, समोर बसली आहे," माधवराव म्हणाले.

"ह्या तं सुमतीबाई झाल्या. पत्रिकेत कोकिळा हाये."

"दोन्ही एकच."

"ते तुम्ही सांगून राह्यले, काका. कागद नाई सांगून राह्यला."

हेच वाक्य, याच सुरात, माधवरावांनी स्वतः इतक्या वेळा वापरलं होतं की त्याला उत्तर नसतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"दाखला घ्या ना साहेब," रूपरावांनी पिशवी पुढं केली. "कोकिळा साटोणे, सातवी पास, वर्तणूक चांगली. अजून काय पाह्यजे?"

"चालते. मंग नवरी म्हणून कोकिळा लिहितो. बाई, इथं करा सही."

सुमतीबाईंनी पेन घेतलं. क्षणभर थांबल्या. मग हळूहळू, एकेक अक्षर टेकवत त्यांनी 'कोकिळा' लिहिलं आणि जरा लांब धरून पाहिलं. माधवरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते शिक्का वाकडा पडू नये म्हणून ग्रामसेवकाच्या कोपराकडे बघत होते.

"साक्षीदार तीन लागतात," ग्रामसेवक म्हणाला. "हे एक दादा, एक आमचा शिपाई. एक कमी पडून राह्यला." मग त्याची नजर टेबलावरच्या आधारवर गेली. "ह्या सुमतीबाई हायेतच ना इथं? करा खाली सही."

सुमतीबाईंनी त्याच पेनानं खाली 'सुमती' अशी सही केली. शिक्का गोल आणि सरळ पडला. माधवरावांना इतका आनंद झाला की त्याच दिवशी दाखला न्यूझीलंडला रवाना झाला.

"बाबा," मैत्रेयी दोन दिवसांनी म्हणाली. या वेळी आवाज अगदी थंड होता. "हा दाखला तुम्ही वाचलात का?"

"शिक्का बघितला ना?"

"बाबा, तुमचं लग्न कोकिळाशी झालं, असं यात लिहिलंय. आणि त्या लग्नाला आई साक्षीदार आहे."

"अं?"

"म्हणजे आता इकडे कागदोपत्री असं आहे की तुमची बायको एक, राहता दुसरीसोबत, पहिलीला तुम्ही परवा पंचायतीत घेऊन गेलात, आणि दुसरीनं आनंदानं सही केली! त्यांनी आईची मुलाखत लावलीय. व्हिडिओवर. एकटीची. तुम्ही खोलीत बसायचं नाही."

"पण मी नसलो तर ती काय सांगेल?"

"तेच तर त्यांना ऐकायचंय!"

बुधवारी सकाळी आठ वाजता सुमतीबाई इरकल नेसून लॅपटॉपसमोर बसल्या. माधवराव स्वयंपाकघरात, दाराला कान लावून, हातात पाण्याचा रिकामा पेला. (पेला भिंतीला लावला की पलीकडचं ऐकू येतं असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. येत नाही. पण आपण काहीतरी करतोय असं वाटतं.) समोर एक गोरा साहेब आणि एक मराठी दुभाषी बाई.

"कोकिळा यांना तुम्ही ओळखता का?" बाईंनी विचारलं.

"चांगलीच ओळखते."

"शेवटची भेट कधी झाली?"

"मागच्या गुरुवारी. पंचायतीत. सही करताना."

माधवरावांनी कपाळ दाराला टेकवलं.

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी... अडतीस वर्षं झाले असतीन."

"म्हणजे त्यांचं नेमकं झालं काय?"

सुमतीबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"काय होईन? ताट आलं. याईनं अंगठीनं त्याच्यात काहीतरी काढलं. मी मान खाली घालून बसली होती, म्हणून मलेच आधी दिसलं. सुमती. मले वाटलं, कोनाचं तरी नाव असन. यायच्या घरच्या कोन्या बाईचं. मंग सगळे मलेच सुमती म्हनाले."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"पेढा देल्ला."

दुभाषी बाईंना हे इंग्रजीत सांगायला बराच वेळ लागला.

"ती चांगली होती हो कोकिळा," सुमतीबाई पुढं म्हणाल्या. आता त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं. "सायकल चालवे. वावरात पाखरं हाकलताना असा आवाज काढे का पार पांदनीच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाये. सुमतीनं कधी नाई काढला तसा आवाज. सुमती चांगलीच हाये, सैपाक चांगला करते. पन तिची माझी वळख लग्नानंतरचीच."

साहेबानं काहीतरी विचारलं. दुभाषी बाई म्हणाल्या, "ते विचारतायत, वास्तव्याचा परवाना तुम्हाला कोणत्या नावानं हवा?"

माधवरावांच्या हातून पेला पडला. स्टीलचा होता, बराच वेळ फिरत राहिला. त्या आवाजातही उत्तर स्पष्ट ऐकू आलं.

"कोकिळा."

आणि मंडळी, काम झालं! मैत्रेयीचा जन्म आजोळचा, अल्लीपूरचा. नोंद करायला रूपराव गेले होते आणि त्यांनी आईचं नाव सरळ कोकिळा सांगितलं होतं; पत्रिकेच्या नादात तो दाखला कुणी नीट वाचलाच नव्हता. (या सबंध प्रकरणात कागदावर खरं बोललेला हा एकटाच माणूस, आणि तो म्हशीला लग्नातल्या ताटात ढेप देतो.) लेकीच्या जन्मदाखल्यात कोकिळा, शाळेच्या दाखल्यात कोकिळा, लग्नाच्या दाखल्यात कोकिळा. तिकडच्यांना काही शंका उरली नाही. राजपत्र, शपथपत्र, नवा पासपोर्ट यांत पाच महिने गेले, त्याचा संताप स्वतंत्र आहे. पण कोकिळाबाईंना परवाना मिळाला. एकट्या कोकिळाबाईंना.

माधवरावांची फाईल वेगळी काढण्यात आली. कारण अर्जात एक रकाना होता : 'पत्नीला पूर्वी इतर कुठलं नाव होतं का?' त्यात माधवरावांनी सुवाच्य अक्षरात 'नाही' असं लिहिलं होतं, आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' म्हणून सही केली होती.

"अवो, मंग मी कशी जाऊ एकटी?" कोकिळाबाई म्हणाल्या खऱ्या, पण तोवर त्यांची बॅग भरून झाली होती. तिळाची चटणी, कुरड्या, नातीसाठी दुपटी. नागपूरच्या विमानतळावर माधवरावांनी त्यांना चार वेळा सांगितलं की घाबरू नको. त्या घाबरलेल्या नव्हत्या. आत जाताना त्यांनी मागं वळून हात केला आणि फ्रिजमधलं वरण आजच संपवा म्हणाल्या.

आता माधवरावांकडे उरला आहे एकच प्रश्न. साहेबांनी तो लेखी पाठवला आहे. पत्नीचं नाव बदलायचं कुणी ठरवलं, आणि 'सुमती' हे नाव कुणी सुचवलं? उत्तर समाधानकारक असेल तर पुढचा विचार होईल.

आपला हात अंगठी धरून फिरला, एवढं माधवरावांना आठवतं. पण नाव सांगितलं कुणी? त्या वेळी त्यांचं लक्ष नव्या बुटांकडे होतं, मेहुण्या ते पळवतील म्हणून. त्यांनी कारंजा घाडगेला थोरल्या बहिणीला, अन्नपूर्णाताईंना विचारलं.

"मले काय माहीत?" ताई म्हणाल्या. "नवरीकडूनच आलं असन."

रूपराव उखडले. "आमच्याकडून काऊन येईन? आमच्या पोरीले नाव होतं! तुमच्या भटजीनं सांगितलं."

भटजी वारले. त्यांच्या मुलानं फोनवर ठामपणे सांगितलं, "आमचे बाबा कधी नाव सांगत नसत. ते फक्त विचारत, काय ठेवायचं?"

"मग कुणाला विचारत?"

"ते त्यांनाच माहीत."

शेवटी माधवरावांनी हॅमिल्टनला फोन लावला. पडद्यावर कोकिळाबाई आल्या. मांडीवर नात, तिच्या तोंडात आजीचं बोट. मागून मैत्रेयीच्या हसण्याचा आवाज.

"अगं, ते सुमती नाव कुणी सुचवलं, तुला तरी आठवतं का?"

"मले काय विचारता?" कोकिळाबाई म्हणाल्या. "मी तं तुमच्या घरच्याईलेच त्या दिवशी पाह्यलं पहिल्यांदा. जेवले का?"

रकाना कोराच आहे. मुदत बुधवारी संपते.