रिकाम्या खुर्चीचा फोटो

मुलांनो, डोळे मिटा आणि एक दुमजली घर बघा. वरच्या खिडकीत तुम्ही उभे आहात आणि खालच्या खिडकीतून एक हात बाहेर आलाय. वरून तुम्हाला दिसतं ते सगळं त्या हाताला पोचेलच असं नाही. शिगेओ आजोबांचा जुना कॅमेरा असाच होता. खाली भिंग, आणि वर तुऱ्यासारखा खोचलेला वेगळा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची काच. रुंद भिंगासाठी रुंद दाखवणारा.

जपानातल्या सुवा सरोवराकाठची त्यांची शाळा सोमवारी पाडणार होते, म्हणून रविवारी जुने वर्गमित्र जमले. वाकाए तर काठी टेकत, गुडघे चोळत थेट उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून आली होती. आता पुन्हा येणं नाही, हा एक फोटो तेवढा दे, म्हणाली. आजोबांनी छाती पुढे काढून सांगितलं, कोणाचा कानसुद्धा कापला जाणार नाही.

दुपारी नात चिहारू भाताचा गोळा खात बसली होती. तिचे फुगलेले गाल जवळून टिपायला आजोबांनी रुंद भिंग काढून नेहमीचं, कमी रुंद दाखवणारं लावलं. ते तसंच राहिलं.

मग फोटोची वेळ झाली. मधल्या मानाच्या खुर्चीवर कोणी बसेना. सगळे एकाच वर्गातले, एकाच वयाचे. मोठं कोण ठरवायचं? नाकाने नावाच्या वर्गमित्राने वाकाएला पुढे केलं, वाकाएने नाकानेला. आपण कसे मधे बसणार, असं पुटपुटत जो तो मागे सरकत टोकाला जाऊन उभा राहिला. दोन्ही टोकांना गर्दी आणि मधे बैलगाडी निघेल एवढी जागा. आजोबांनी जवळ या, जवळ या म्हणून घसा कोरडा केला. मंडळी नम्रपणे वाकली आणि अंगठाभर सरकली.

शेवटी आजोबा थकून म्हणाले, "राहू द्या. आहात तसे हसा."

वरच्या खिडकीतून सगळे दिसत होते, अगदी कडेच्या जिंको झाडासकट. आजोबांनी खटका दाबला. खबरदारी म्हणून आणखी दोनदा दाबला.

न्हाणीघरात फिल्म धुऊन फोटो वाळत टांगले, तोवर शाळेची माती झाली होती. फोटो तिन्ही सुरेख. मधोमध रिकामी खुर्ची, वर भरपूर आभाळ, डावीकडे कोणाचं तरी कोपर, उजवीकडे एक काठी. वरचा फाइंडर आपलं रुंद दृश्य दाखवत राहिला होता. खाली कुठलं भिंग आहे, याची त्या बिचाऱ्याला काय कल्पना!

आजोबा कितीतरी वेळ ओल्या स्टुलावर बसून राहिले. मग वाकाएचा फोन आला.

"शिगे, माझा चेहरा बरा आलाय ना रे?"

"काठी फार छान आलीय," आजोबा म्हणाले.

मग वाकाए हळूच म्हणाली, "पहिलीत मला गोवर आला होता, तेव्हाही मी वर्गाच्या फोटोत नव्हते. पण निदान वर कोपऱ्यात एका गोलात माझा वेगळा फोटो तरी चिकटवला होता."

आजोबांनी फोन ठेवला तेव्हा चिहारू शेजारीच उभी होती. तिने एक फोटो दोरीवरून काढला, आजोबांचा साके दारू प्यायचा इवलासा पेला त्यातल्या आभाळावर उपडा घातला आणि भोवती पेन्सिल फिरवली. एक गोल, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा.

"आजोबा," ती म्हणाली, "सगळ्यांत मोठे कान कोणाचे होते?"

आणि ती काढायला बसली.