असिमिनाचं लग्न आणि अवघडलेली सील

"माझी भाची समुद्राची डॉक्टर आहे. दोन मिनिटांत हाकलते की नाही बघा," एव्गेनियामावशीनं कल्लिरोईला पुढे ढकलत बंदराच्या सगळ्या धक्क्याला ऐकवलं.

डॉक्टर ती होतीच. जीवशास्त्राची पदवी, त्यावर सागरी जीवशास्त्राची पदवी, त्यावर डॉक्टरेट. पाण्याखाली उतरायचा परवानासुद्धा. पण ही सगळी वर्षं सूक्ष्मदर्शकाखालच्या जिवांवर गेली होती. नुसत्या डोळ्यांना दिसेल अशा प्राण्याशी तिचा संबंधच आला नव्हता. आणि समोर, मावसभाऊ स्तामातिसच्या होडीत, म्हशीएवढं सील पालथं पडून ढाराढूर झोपलेलं. तेही केबिनच्या दाराला टेकून.

आत स्तामातिस. नवरदेव. होडीत विसरलेल्या अंगठ्या घ्यायला शिरला आणि कोंडला गेला. दाराशेजारच्या खिडकीतून डोकं तेवढं बाहेर येई, खांदे येईनात. वर चर्चची घंटा वाजू लागली होती.

कल्लिरोईनं सील वाचवणाऱ्या केंद्राला फोन लावला. "जवळ जाऊ नका, आवाज करू नका," तिकडची बाई म्हणाली. "मनात आलं की जाईल."

"म्हणजे थांबायचं," कल्लिरोईनं जाहीर केलं.

"एवढं शिकून थांबायचं?" मावशीचा चेहरा पडला. "ते तर मलाही येतं."

तेवढ्यात पायऱ्यांवरून असिमिना आली, झगा गुडघ्यापर्यंत उचलून. नवरीनं कुणाकडे पाहिलं नाही. शेजारच्या होडीतलं वल्हं उपसलं.

कल्लिरोई आडवी आली. "त्याला मारणं गुन्हा आहे."

"मग लग्नानंतर जाते तुरुंगात. बाजूला हो."

वल्हं वर गेलं. स्तामातिसचं नाक सीलच्या जबड्यापासून वीतभर अंतरावर होतं; सील बिथरलं असतं तर नाक गेलंच असतं. कल्लिरोईच्या तोंडून निघून गेलं, "अगं, पोटुशी आहे ती."

वल्हं खाली आलं.

"कितवा?" मावशीनं कुजबुजत विचारलं.

"दिवस भरत आलेत," कल्लिरोई सीलकडे न बघता म्हणाली.

मग पाद्रीबाबांनाच खाली आणलं. त्यांनी अंगाई म्हणावी तशा सुरात मंत्र म्हटले. अंगठ्या जाळीच्या दांड्यावरून आल्या-गेल्या. नवरा-नवरीच्या डोक्यावरच्या मुकुटांना जोडणारी फीत पुरेना, तिला मासेमारीची दोरी बांधली, आणि एक मुकुट वल्ह्यानंच स्तामातिसच्या डोक्यावर ठेवला. फीत सीलच्या मिशांवर लोंबत होती. सील फुरफुरलं, पाद्रीबाबा 'आमेन'च्या 'आ'वरच थांबले. घोरणं पुन्हा सुरू झालं, तेव्हा 'मेन' झालं.

लग्न लागलं आणि कुणीतरी सवयीनं मूठभर तांदूळ उधळले.

सीलनं मान वर केली. जबडा उघडला. स्तामातिसचं डोकं मुकुटासकट खिडकीच्या आत गेलं. पण ती जांभई होती. सील संथपणे कुशीवर वळलं, आणि काळ्याभोर पोटावरचा मोठा पांढरा डाग कल्लिरोईनं पाहिला. असा डाग नरालाच असतो, एवढं तिनं वाचलं होतं. मग ते धपकन समुद्रात पडलं, वर पाणी मिटलं.

"जपून जा गं," असिमिना डोळे पुसत म्हणाली.

मावशी कल्लिरोईच्या कानाशी आली. "मुलगा की मुलगी, काही अंदाज?"

"नर आहे," कल्लिरोई पाण्याकडे बघत म्हणाली. "एवढं मात्र मी खात्रीनं सांगते."

मावशी धक्क्याकडे वळली. "ऐकलंत? पोटातलंही दिसतं तिला."